मुळांवरची निळी जाळी

"शून्य! पुन्हा शून्यच!" बडबड्यानं सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. "आई, तुझी बुरशी सुट्टीवर गेलीय!"

"सरक, मला बघू दे!" पिटुकलीनं भावाला कोपरखळी मारली.

मौनी खिडकीपाशी उभी होती. हे काही तिचं खरं नाव नव्हे. तीन महिन्यांपूर्वी तिची आई गेली आणि तेव्हापासून ती इतकं कमी बोलायला लागली, की मावसभावंडांनी तिचं हे नाव पाडलं. सुट्टीत ती मावशीकडे आली होती. तिला रडू येत नव्हतं, हसूही येत नव्हतं. कानात कापूस घातल्यासारखं सगळं लांबून ऐकू यायचं.

मावशी कृषी संशोधन केंद्रात माती तपासणारी संशोधक. मक्याच्या मुळांत एक बुरशी राहते, ती झाडाला लांबून अन्न आणून देते आणि बदल्यात साखर घेते. मुळं उकळून शाई आणि व्हिनेगरमध्ये बुडवली, की तिची निळी जाळी दिसते. शेताच्या एका पट्ट्यात मावशीनं काहीच घातलं नव्हतं, दुसऱ्यात कोळशाचा चुरा, तिसऱ्यात कंपोस्ट. पहिल्या दोन्हींत जाळी दाट होती. कंपोस्टच्या पट्ट्यात औषधालाही नाही!

"उद्या अहवाल द्यायचाय," मावशी म्हणाली. "कंपोस्टनं बुरशी जाते, असंच लिहावं लागणार. मग लोक कंपोस्ट टाकायचं सोडतील. पण जे दिसतं ते लिहायला हवं."

"गेल्या वर्षी?" मौनीनं विचारलं.

"गेल्या वर्षी कंपोस्टमध्येच सगळ्यांत जास्त होती!"

"मग कंपोस्ट तेच आहे का?"

बडबड्या टुणकन उठला. "चला, ढिगाकडे!"

कंपोस्टचा ढीग कोठारामागे होता. मौनीनं त्यात कोपरापर्यंत हात खुपसला. बोटांना टणक, करडे दाणे लागले. तेवढ्यात पिटुकलीनं फाटक्या पोत्याचा तुकडा ओढून काढला. त्यावर छापलं होतं 'सुपरफॉस्फेट'. रासायनिक खत!

"काका, हे इथं कसं आलं?" बडबड्यानं कोठार सांभाळणाऱ्या काकांना विचारलं.

"मला काय ठाऊक? पळा इथून!"

"झालं! कानांवर हात!" बडबड्या वैतागला.

"असं दरडावून विचारलं तर ते नाही सांगणार," मौनी म्हणाली. "कौतुक करू."

तासाभरानं पिटुकली मावशीला हाताला धरून घेऊन आली आणि दोघी कोठाराच्या दाराआड थांबल्या. बडबड्यानं आवाज चढवला, "काका, कंपोस्टचा मका बघा! सगळ्यांत उंच! सगळे विचारतात, हा कुणाचा हातगुण?"

काकांची छाती फुगली. "अरे, माझाच! सहा पोती भिजून दगड झाली होती. पेरणीआधी फोडली आणि दिली ढिगात मिसळून! वाया कशाला घालवायची?"

"सहा पोती?" मावशी पुढे आली.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, मला वाटलं, खतात खत, काय बिघडतं..."

"बुरशी आणते ते स्फुरद झाडाला या सुपरफॉस्फेटमधून आयतं मिळालं, की ते बुरशीला साखर देईनासं होतं. मग बुरशी टिकणार कशी? आणि खापर फुटत होतं बिचाऱ्या कंपोस्टवर!"

काकांनी खाली मान घालून सगळं लिहून दिलं. अहवालातून तो पट्टा वगळला गेला. केंद्राचे प्रमुख स्वतः आले. "शाबास! आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही शोधलंत!" त्यांनी तिघांची पाठ थोपटली. बडबड्यानं उड्या मारल्या.

मौनी वाट बघत उभी राहिली. काहीच झालं नाही.

"मावशी, मला आनंद व्हायला हवा ना?" सगळे गेल्यावर तिनं विचारलं. "होतच नाहीये."

मावशी काचपट्ट्या धूत होती. तिनं नळ बंद केला. "मलाही होत नाही गं. माझी ताई होती ती." मग तिनं शेजारची खुर्ची ओढली. "गेल्या वर्षीची मुळं आहेत, कंपोस्टची. मोजतेस?"

मौनीनं काचेला डोळा लावला. निळी जाळी, दाट. ती मोजत गेली. जेवायची हाक आली तेव्हा ती त्रेचाळीसवर होती.

"थांबा जरा," ती आतूनच म्हणाली, "एवढं मूळ संपवून येते."