सातव्या पायरीवरची पट्टी

ती दिव्यांची पट्टी आधी बंद कर. छान आहे रे, रंग कसे पळतायत ते दिसतंय मला, डोळे अजून शाबूत आहेत. पण मला हातात घ्यायला सांगू नकोस. का, ते सांगतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

माझा साडू तुम्ही पाहिलाय. काडीसारखा माणूस, पण तोंड उघडलं की भांडण. मला तो कधीच आवडला नाही, आजही आवडत नाही. हे त्याच्याच घरात घडलं आणि त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. खोटं बोलायला तो कमी करत नाही, पण त्या दिवशी खोटं रचण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं.

दोघे भाऊ, घर एकच. खाली साडू, वर त्याचा थोरला भाऊ. थोरला अंगाने दांडगा, स्वभावाने गाय. तारा आणि दिव्यांचं वेड दोघांनाही, धाकटा शिकला तो थोरल्याच्याच हाताखाली.

आता थोरल्याच्या बायकोला रात्री दिसत नाही. दिवस मावळला की सगळं चाचपत. म्हणून त्याने जिन्याच्या पायऱ्यांना कडेने अशीच पट्टी लावली, जिच्यातल्या दिव्यादिव्याला वेगळा हुकूम देता येतो ती. प्रत्येक पायरीत वजन ओळखायची सोय केली. पाय पडला की तेवढीच पायरी उजळायची, आणि रंग वजनावर. पोरंटोरं चढली तर हिरवा, बायको किंवा साडू चढला तर पिवळा, आणि थोरला चढला की पांढराशुभ्र. पांढरा रंग घरात फक्त त्याचा. ती बाई त्या उजेडात भराभर जिना चढायची, बघत राहावं अशी.

मग थोरला गेला. झोपेतच.

महिना झाला नाही तोच साडूला वरचा मजला हवासा झाला. रोज टोमणे. "इथे आता तुमचं काय अडलंय?" ती एवढंच म्हणायची, "भावोजी, या घरात मी डोळस आहे. दुसऱ्या कुठल्याही घरात मी आंधळी होईन." हा मात्र मनात धरून बसला की आधी तो जिना बंद पाडायचा. मग आपोआप जाईल.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर, बारा तारीख, बुधवार. ती बहिणीकडे गेली होती. रात्री साडेदहाच्या सुमाराला तिचा फोन आला. "भावोजी, टाकीचा कॉक उघडाच राहिला वाटतं. तेवढा बंद करता? मी पहाटेच्या पहिल्या गाडीने येतेच आहे."

"करतो की," हा म्हणाला. अगदी गोड आवाजात. आणि खिशात कटर टाकून निघाला.

तुम्हाला माहीतच आहे, या पट्टीत करंट आणि हुकूम एकाच टोकाकडून येतात. इथे ते टोक खाली होतं. मधे कापलं की पुढचं सगळं मेलं. साडू सातव्या पायरीवर बसला. तिच्या वर आणखी सात. पट्टीवर तांब्याच्या खुणा असतात ना, तिथे कापलं तर पुन्हा जोडता येतं. हा कायमचं तोडायला बसलेला माणूस, पण हात सवयीचा. मधे कुठेही न कापता नेमकं खुणेवर कापलं त्याने. तिथेच चुकला.

"बघू आता पहाटे कशा चढताय ते," असं म्हणाला. मोठ्याने म्हणाला. मला हे सांगताना मान खाली घातली होती त्याने, पण मला त्याची दया आली नाही.

वर जाऊन कॉक बंद केला. मोबाईल खाली चार्जिंगला लावलेला. कटर हातातच. वरच्या सात पायऱ्यांवर मिट्ट काळोख, त्यानेच केलेला. कठडा धरून उतरू लागला.

एक पायरी. दुसरी.

तिसरीवर त्याला कठड्यावरचा स्वतःचा हात दिसला.

उजेड मागून येत होता.

वळून पाहिलं. सगळ्यात वरची पायरी लागली होती. पांढरीशुभ्र. तिच्यावर कुणीही नव्हतं.

"वहिनी?"

...

कपॅसिटरमध्ये करंट उरला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. उरतो कधीकधी. पण उरलेला करंट हळूहळू विझतो. ही पायरी पटकन विझली... आणि तिच्या खालची लागली.

मग तिच्या खालची.

पावलांचा आवाज नाही. काही नाही. नुसतं वजन.

हा घाईने उतरला. ते मागे आलं. हा थांबला. ते थांबलं नाही.

"दादा... दादा, मी फक्त..."

...

सातव्या पायरीवर पोचला तेव्हा उजेड बरोबर मागच्या पायरीवर होता. तो विझला.

काळोख.

मग त्याच्या हाताला हात लागला. हिसका नाही. लहान पोराच्या मुठीतून सुरी काढून घेतात ना, तसं. एकेक बोट सोडवलं. कटर घेतलं. आणि मग... शेवटचं बोट उलटं वाकवलं. सावकाश. मोडेपर्यंत.

खाली कसा आला, त्याला आठवत नाही. खोलीला कडी लावून, हात पोटाशी धरून बसला. पहाटे फाटक वाजलं. तिच्या चपला त्याने ओळखल्या. सहाव्या पायरीपर्यंतच उजेड आहे, त्यापुढे ती पडणार, हे त्यालाच माहीत होतं. ओरडायचं होतं त्याला, "वहिनी, चढू नका!" खरंच ओरडायचं होतं, एवढं मी त्याचं मानतो. पण दाराला पाठ लावून तसाच बसून राहिला.

ती चढली. पाचवी... सहावी... सातवी...

कुठेही अडखळली नाही. वरचं दार उघडलं, लागलं.

मला बोलावलं तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. बोट वांग्याएवढं सुजलेलं. आधी मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, मग दवाखान्यात नेण्याआधी जिन्याकडे गेलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, हा पडला असेल आणि वर रंगवून सांगतोय.

सातवी पायरी. तांब्याची खूण. तिच्यावर सोल्डरचे तीन थेंब, ओळीत, अगदी देखणे. जोडलेली पट्टी. घरात सोल्डरिंगचं सामान एकही नव्हतं, थोरला गेला त्याच आठवड्यात साडूने ते सगळं भंगारात घातलं होतं.

वितळलेलं सोल्डर दोन-तीन सेकंदांत गार होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. खातरजमा म्हणून मी मधल्या थेंबावर बोट टेकवलं.

... हे बघ. इकडे ये, नीट बघ. हा पांढरा डाग आहे ना, तो त्या चटक्याचा.