हाल्स्टाइनची रांग

ओद्वारने फांद्यांची मोळी पाठीवर घेतली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती : यंदाची रांग आपली.

ईस्टरच्या सुट्टीत माणसं शिखरावर जायला येतात. त्याआधी दगडी झोपडीपासून माथ्यापर्यंत दर पंधरा पावलांवर बर्चची एकेक फांदी बर्फात खोवायची, एवढंच काम. पाऊलवाट वाऱ्याने तासाभरात बुजते, फांद्या तेवढ्या उभ्या राहतात. धुक्यात पुढची फांदी दिसल्याशिवाय मागची सोडायची नाही, हे नॉर्वेच्या त्या डोंगरातलं पोर बोलायच्या आधी शिकतं.

बावीस वर्षं हे काम हाल्स्टाइनने केलं. तो पुढे, ओद्वार मागे मोळी घेऊन. पाइप तोंडात धरलेला हाल्स्टाइन वळून बघायचाही नाही. हातमोज्यातला हात नुसता मागे करायचा, ओद्वार त्यात फांदी ठेवायचा, आणि खच्‌... फांदी उभी. सुतासारखी सरळ रांग! येणारा-जाणारा झोपडीच्या वहीत लिहून जायचा, ‘हाल्स्टाइनची रांग, वा!’ मोळी वाहणाऱ्याचं नाव कोण लिहितो? तुम्ही तरी लिहिलं असतं का?

तेविसाव्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, ओद्वारने कड्याजवळच्या तीन फांद्या गुपचूप उपटल्या आणि पाच-पाच पावलं उजवीकडे खोवल्या. लोकांनी हसावं, म्हातारा झाला म्हणावं, एवढ्यासाठीच. पण लोक यायच्या आधी धुकं आलं. माथ्यावर विसरलेलं फावडं आणायला गेलेला हाल्स्टाइन स्वतःच्या फांद्यांच्या भरवशावर उतरत होता. उजवीकडे वाऱ्याने बर्फाचा सज्जा बाहेर काढला होता, खाली नुसती हवा. माणूस जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर खाली सापडला. त्या तीन फांद्या सज्ज्याबरोबर गेल्या, त्या सापडल्या नाहीत.

“हाल्स्टाइनसारखी लाव रे,” आज दारातून निघणाऱ्या ओद्वारला गुन्व्होर म्हणाली. झोपडी सांभाळणारी ही बाई त्याची थोरली बहीण.

“त्याच्याहून सरळ लावतो.”

“आधी त्याच्याइतकी तर लाव! पाव घेतलास? चीज?”

“अगं, शिखरावर चाललोय, अमेरिकेला नाही.”

या वेळी ओद्वारने चक्क दोरी ताणून फांद्या लावल्या. दुपारी खाली आला, तर गुन्व्होर दाराशी दुर्बीण लावून उभी.

“छान आहे. पण कड्यापाशी तीन फांद्या उजवीकडे का गेल्यात?”

ओद्वारच्या तोंडचं पाणी पळालं. “वारा असेल.”

“वारा फांदी पाडतो, ओद्वार. उपटून दुसरीकडे नीट खोवत नाही.”

तो तीन ताज्या फांद्या दोरीने पाठीला बांधून तसाच वर गेला. कड्यापाशी पोचतो न पोचतो तोच धुकं उतरलं. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये तो आणि एक फांदी. तिला धरून तो उभा राहिला. वारा थांबला. ओल्या लोकरीचा वास आला... आणि पाइपच्या तंबाखूचा. मग पुढे, अगदी दोन हातांवर, एक पाठ दिसली. पाठीमागे केलेला हातमोज्यातला हात.

“दे रे...”

बावीस वर्षांची सवय. ओद्वारने पाठीवरची फांदी दिली. खच्‌. हात पुन्हा मागे आला. दुसरी. खच्‌. तिसरी.

धुकं निघून गेलं. तिन्ही फांद्या आपापल्या जागी, रांग माथ्यापर्यंत सरळ. कड्याकडे सरकलेली एकही नाही. पुढचा बर्फ कोरा, पावलांच्या खुणा फक्त त्याच्या. आणि माणसाचं मन बघा, अशा वेळीही त्याला पहिलं काय वाटलं असेल? की मेल्यावरसुद्धा याचीच सरळ!

संध्याकाळी गुन्व्होरने दुर्बीण ठेवली आणि वही उघडली. “आता बरी झाली. लिहू ना? ओद्वारची रांग.”

“लिही,” तो घाईने म्हणाला. “आधी नाव लिही.”

तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते नाव कागदावर उमटू लागलं. त्याने मोळीची रिकामी दोरी पाठीवरून उतरवली, आणि तीन फांद्या जमिनीवर पडल्या. जुन्या, राखाडी, सालं सोललेल्या. बुडाशी बर्फ अजून घट्ट.

गुन्व्होरने एक उचलली, बुडाजवळच्या तिरक्या कापावर अंगठा फिरवला. हा काप हाल्स्टाइनच्या चाकूचा, तो प्रत्येक फांदीला द्यायचा.

“या तर गेल्या सालच्या...” तिचा आवाज खाली गेला. “या तुझ्याकडे कशा, ओद्वार?”

बाहेर, दारापासून पंधरा पावलांवर, खच्‌ असा आवाज झाला.

मग सगळं शांत झालं, कुणी तरी वाट बघत असल्यासारखं. आणि ओद्वारचा हात आपसूक जमिनीवरच्या फांदीकडे गेला.