घोंगडं पांघरलेली नळी

नळी रस आटवायच्या मोठ्या पसरट काहिलीतून वर जाते, वळण घेते आणि शेजारच्या काहिलीत उतरते. तिला पंप नाही, मोटर नाही. तरी एकीतला रस ती दुसरीत नेते. कसा, ते शाल्मलीला ठाऊक होतं. पण आज दुपारी तीच नळी चालता चालता थांबली. दोनदा सुरू केली, दोनदा थांबली. का, ते कुणालाच कळत नव्हतं, आणि कळेपर्यंत दुसरी काहील जळून जाणार होती.

"दुसरी काहील, तीन बोटं," शेडच्या दाराबाहेरून भिवा म्हणाला. भिवा हा भट्टीत लाकडं सारणारा यंत्रमानव. वाफेने त्याचे डोळे आंधळे व्हायचे, म्हणून तो आत येत नसे. काहिलीत बसवलेल्या तारांवरून त्याला रसाची खोली कळायची. "मघाशी चार होती."

"मला दिसतंय. तू लाकडं घालणं थांबव आधी."

"केव्हाच थांबवलंय. पण भट्टीचे दगड तापलेत. ते माझं ऐकत नाहीत."

हिमालयातल्या या धुमरी खोऱ्यात पूर्वी मेपलचं एक झाडही नव्हतं. शाल्मलीचे आजोबा, आबा, पदार्थविज्ञानाचे संशोधक. त्यांनी आणि गावकऱ्यांनी हे रान वाढवलं होतं. थंडी सरताना झाडांना बारीक भोकं पाडायची, पाण्यासारखा पातळ रस गोळा करायचा आणि तो आटवून काकवी करायची. पहिल्या काहिलीत कच्चा रस उकळायचा, दुसरीत दाट व्हायचा. दुसरीतला आटून खाली गेला की पहिलीतला नळीतून आपोआप तिच्यात यायचा.

आज तो येत नव्हता. शाल्मली पळीने रस ओतत होती, पण ती ओतायची त्याहून जास्त रस वाफ होऊन जायचा. बाबा रानात रस आणायला गेलेले. आबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. काहील करपली तर बर्फ वितळून रस्ता उघडेपर्यंत नवी यायची नाही, आणि तोवर झाडांचा रस थांबलेला असेल. अख्ख्या खोऱ्याचा हंगाम गेला असता. आणि काहिलीपाशी तेव्हा कोण होतं, तर शाल्मली.

"आबा, हवा शिरत असेल का कुठून?"

"मलाही तेच वाटलं होतं. पण दोन्ही टोकं रसात बुडालेली आहेत आणि सांधे पक्के आहेत." आबांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ही नळी म्हणजे सायफन (वाकड्या नळीतून द्रव आपोआप वाहून नेण्याची युक्ती). दोन्ही काहिलींतल्या रसावर बाहेरची हवा दाबत असते. त्या दाबाने नळीतला रस वर टिकून राहतो, तुटत नाही. मग जिकडची पातळी खाली, तिकडे तो सरकतो. यात बिघडण्यासारखं आहे काय?"

शाळेत सायफनचं चित्र काढायला लावतात. बाण बरोबर दाखवला की गुण मिळतात. त्या चित्रातलं पाणी कायम गार असतं. उकळता रस कुणी काढून दाखवत नाही, आणि विचारलं तर खाली बस म्हणतात.

"दोन बोटं," भिवा म्हणाला. "मोठी बोटं धरली तर."

दुसऱ्या काहिलीतले बुडबुडे आता जाडसर, पिवळे झाले होते. शाल्मलीचं लक्ष नळीकडे गेलं. दोन्ही वेळा गार पाण्याने भरून सुरू केली, तेव्हा थोडा वेळ ती छान वाहिली. तापली की थांबली. पण काल ती दिवसभर तापलेलीच होती आणि दिवसभर वाहत होती. कालच्यात आणि आजच्यात फरक काय?

घोंगडं. दुपारी रानात निघण्याआधी बाबांनी नळीच्या वळणाला घोंगडं गुंडाळलं होतं. बाबा सांगलीकडच्या गुऱ्हाळात वाढलेले. तिथे काहिलीला गार वारा लागू द्यायचा नाही, लाकूड वाया जातं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. जाताना बजावूनही गेले होते, "याला हात लावायचा नाही."

हात लावावा की नाही? मोठ्यांनी बांधलेलं सोडायचं नाही, हे मुलांना इतक्या वेळा सांगितलेलं असतं, की समोर काहील जळत असतानाही बोटं आखडतात. शाल्मलीचीही आखडली. मग तिने जाड हातमोजे चढवले आणि दोरी ओढली.

वळणावर एक काचेचा तुकडा बसवलेला होता. तिने त्यातून पाहिलं. आत रस नव्हताच, पोकळी होती.

"आबा, वरती रिकामं आहे. हवा शिरली नाही, तर मग आत काय आहे?"

आबा उठून उभे राहिले. "वाफ. अगं, वाफ आहे ती! वळणाशी रस काहिलीपेक्षा उंचावर असतो, म्हणून तिथे दाब थोडा कमी पडतो. दाब कमी झाला की रस कमी तापमानालाच उकळतो. रोज बाहेरच्या गारव्याने तो वर जाताना जरासा निवायचा. आज त्याला आपण पांघरूण घातलं. तो नळीतच उकळला आणि त्याची साखळी तुटली."

"म्हणजे याला थंडी हवी."

"जरा निवला तरी पुरे."

शाल्मलीने कोपऱ्यातलं रिकामं पोतं बादलीतल्या बर्फाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि वळणावर टाकलं. चर्र झालं. काहीच हललं नाही. भिवा म्हणाला, "एक बोट," आणि या वेळी त्याने थट्टा केली नाही. करपल्याचा अगदी बारीक वास आला. तिने पुन्हा पोतं भिजवलं, पुन्हा टाकलं.

नळीत गटकन आवाज झाला. काचेत दोन्ही बाजूंनी रस चढला, मधोमध येऊन भिडला आणि वाहू लागला.

"कुणी ओढलं त्याला वर?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. वाफ निवली की तिचे चार थेंब होतात. जागा मोकळी पडते आणि बाहेरची हवा रसाला त्या जागेत ढकलते. हवाच राबते, आपण फक्त तिची वाट अडवायची नाही."

"दोन बोटं," भिवा म्हणाला. जरा वेळाने, "तीन. आता लाकूड घालू का, की अजून बोलणं चालू आहे?"

संध्याकाळी बाबा आले. सुटलेली दोरी पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "याला हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"लावला," शाल्मली म्हणाली. "लावला नसता तर काहील गेली असती." आणि तिने सगळं समजावून सांगितलं, आबांना एकदाही मध्ये बोलू न देता. बाबांनी वाकून काचेतून वाहणारा रस पाहिला.

"गुऱ्हाळात मीही वाढलो," आबा त्यांना म्हणाले. "घोंगडं पाहून मलाही काही खटकलं नाही. तिला खटकलं."

बाबांनी खाली पडलेलं घोंगडं उचललं, झटकलं आणि शाल्मलीच्या खांद्यांवर घातलं.

"आबा," ती घोंगड्याच्या आतून म्हणाली, "मंगळावर हवा अगदी विरळ आहे ना? तिथे वस्ती झाली, तर ही नळी चालेल का?"

"तुला काय वाटतं?"

घोंगड्यातून हात बाहेर काढून ती नळीचं वळण रसापासून किती उंच आहे, ते दुरूनच बोटांनी मोजू लागली. "तिथे ढकलायला हवाच थोडी," ती पुटपुटली. भिवाने भट्टीत एक लाकूड सारलं.