कवटीवरचा हिरवा रंग

“धर्मा, पान तोडू नकोस!” नंदिनी ओरडली.

“का? तुझ्या वहीत चिकटवायला कमी पडतील?” धर्मानं हात मागे घेतला, चेष्टा मात्र सोडली नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. शाळेच्या वहीसाठी औषधी पानं जमवायला नंदिनी रोज वाशीहून घणसोली गावात मैत्रिणीकडे, मैनाकडे यायची. धर्मा हा मैनाचा भाऊ. धाकटा जानू दोन वर्षांचा. त्याला खोकला झालेला. शेजारच्या वेणूआजी ओव्याचं जाड पान तव्यावर शेकून, कुटून त्याचा रस चाटवायच्या. या पानानं निम्मं गाव बरं झालं होतं. जानू मात्र आज रडतसुद्धा नव्हता.

“पहिल्या दिवशी दोन पानं, काल चार, आज सहा!” नंदिनीनं बोटांवर मोजलं. “पानं वाढली तसा जानू खालावला. झाड आधी कुठं होतं?”

“रॉकेलच्या डब्यात,” मैना म्हणाली. “मागच्या महिन्यात दिनानाथमामानं फॅक्टरीतून हे पिंप आणलं, तेव्हापासून यात.”

पिंप गंजलेलं होतं. फक्त भिंतीकडच्या बाजूला वीतभर ताजा हिरवा चौकोन! मामा म्हणजे दहा हाका मारल्याशिवाय खाटेवरून न उठणारा माणूस. त्यानं रंगकाम केलं, आणि तेही कुणाला दिसणार नाही अशा जागी?

नंदिनीनं पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडला. आधी दोन हाडं दिसली. मग कवटी.

आतून खलबत्त्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“रस झाला, पळा!” नंदिनी म्हणाली.

वेणूआजींच्या हातात वाटी होती. आईच्या मांडीवर जानू निपचित पडलेला.

“देऊ नका! त्या पिंपात विष होतं!” नंदिनी दारातूनच ओरडली.

“काय तरीच!” खाटेवरून मामा खोकत हसला. “तीनदा सोड्यानं धुतलंय. आनि ओवा कधी कुनाला बाधलाय?”

“खराय,” म्हणत वेणूआजींनी चमचा भरला.

“मामा, तुलापन खोकला हाय ना?” मैना गोड आवाजात म्हणाली. “मग ही वाटी तूच घे. जानूला दुसरी करू!”

मामानं वाटी घेतली. ओठांपर्यंत नेली. हात तिथंच थांबला.

“मला... उष्ण पडतं.”

वेणूआजींनी त्याच्या हातातली वाटी काढून मोरीत पालथी केली.

“दिन्या, काय लपवतोस?”

“कवटी बघून ताई घाबरली असती, म्हणून रंग मारला...”

आई जानूला घेऊन रस्त्याकडे धावली. टेम्पो मामानंच आडवा होऊन थांबवला. त्या दिवशी त्याला हाक मारावी लागली नाही.

सहा दिवसांनी जानू घरी आला, चांगला भोकाड पसरत! “दोष ओव्याचा नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “पिंपातलं मातीत उतरलं, मातीतलं पानात चढलं. पोरांनी उशीर केला असता तर...”

मग तिघांनी खडूनं खुणा करत आळी पालथी घातली. फॅक्टरीतून आलेली तशी सतरा पिंपं निघाली. नऊ पिण्याच्या पाण्यानं भरलेली!

“पन्नास वरसं पानं वळखते मी,” वेणूआजी सगळ्यांदेखत म्हणाल्या. “पिंप वळखलं ते या पोरांनी. शाबास रे!”

त्यांनी पदर खोचला आणि पहिलं पिंप स्वतः आडवं केलं. पाणी आळीभर पसरलं. त्यावर रंगीत तवंग होता.