आत्याचे ओले पाय

ही घटना खरी आहे. आत्या माझी सख्खी, आणि मी तिथे हजर होतो. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच ऐकावं... हे सगळं भर उन्हात घडलं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीच्या वेळेला.

तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या पुढे आत्याचं गाव आहे. गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणी चालू असताना, तिची नात गेली. बारसंही झालं नव्हतं. सून रुपा निर्मल गावची, तेलुगू शाळेत शिकलेली. ती मुलीला 'पापा' म्हणायची. तेलुगूत तान्ह्या मुलीला तसंच म्हणतात.

त्या सकाळी कौशल्याआत्या न्हाणीत पाय पसरून बसली होती. नडग्यांवर बाळ पालथं. रुपा चुलीवर पाणी तापवत होती.

आतलं रडणं थांबलं...

"आकडी आली वं," आत्या ओरडली.

आत्याला नातू हवा होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी आकडी सगळ्यांनी मान्य केली. मीही केली.

काही दिवसांनी आत्या ओसरीवर उन्हात बसली होती.

"पाणी कोणं सांडलं?"

कोणीच सांडलं नव्हतं... पण तिच्या दोन्ही नडग्या चिंब होत्या.

पुसल्या. परत ओल्या.

मग रोज तेच. आधी रिकाम्या न्हाणीत तांब्याचा आवाज... मग पायांवर वजन. मऊ, ओलं, तान्ह्या बाळाएवढं. रडणं मात्र नाही.

"रडली असती तं बरं झालं असतं रे," आत्या मला म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा त्या आकडीची शंका आली.

डॉक्टर झाले, बाहेरचं झालं. पाय ओलेच. शेवटी कोणीतरी पास्टर जीवन यांचं नाव सांगितलं. त्यांना फक्त तेलुगू येतं. मी आदिलाबादला नोकरीत तेलुगू शिकलो, म्हणून दुभाषा मीच.

पास्टर शांतपणे म्हणाले, "प्रभू येशू क्षमा करतो. पण पाप नाव घेऊन सांगावं लागतं. आधी त्याच्यापुढे, मग जिचं वाईट केलं तिच्यापुढे."

आत्या कसली वस्ताद! "आमी सारेच पापी," म्हणाली. "द्या बाप्तिस्मा, करा मोकळं." क्षमेचाही भाव पाडून मागत होती. मला तिची चीड आली.

पास्टर म्हणाले, "पाण्यात उभं करून पुन्हा विचारतो."

गावाबाहेरच्या तळ्यात दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मी काठावर. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला... आणि थांबले.

ते पाण्यात बघत होते. तिच्या पायांकडे.

"एवरी पापा?" त्यांनी विचारलं.

आपल्या 'पाप' या शब्दाला तेलुगूत 'पापम' म्हणतात. मला तेच ऐकू आलं. मी ओरडलो, "आत्या, पाप कोणाचं, विचारतात!"

"माहं," आत्या पुटपुटली. "माहंच." मी तेलुगूत तसं सांगितलं.

पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझी आहे तर उचल ना तिला! पाणी पिऊन राहिली ती!"

मी याचं मराठी केलंच नाही. पण आत्याला कळलं. तिने खाली पाहिलं आणि गुरासारखी हंबरली.

"मीच दाबलं! पालथी होती, तोंड पाण्यात दाबलं! देवा, मीच मारली!"

खूप वेळ रडली. तिचं बोलणं मी पास्टरांना तेलुगूत सांगितलं. मग पास्टरांनी, तेही रडत, तिला पाण्यात बुडवून वर काढलं. ती काठावर आली. लुगडं पिळावं इतकं ओलं...

आणि गुडघ्यांखाली पाय ठणठणीत कोरडे.

तशीच ती घरी गेली आणि रुपाच्या पायांवर डोकं ठेवून सगळं बोलली. वैभवने, आत्याच्या मुलाने, उठून घराचं दार लावून घेतलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. घरातलं घरातच राहिलं.

रुपा रडली नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तिले रोज मीच बोलवत होती. पाणी तापवून, हाक मारून, तुमच्या पायावर ठेवत होती. मले तेवढीच दिसत होती माही पोर."

मग न्हाणीकडे बघून म्हणाली, "आज हाक मारली तं आली नाही. कुठं धुवून आल्या तिले?"

आत्या आता गाढ झोपते. दर रविवारी प्रार्थनेला जाते. चेहरा इतका निवळलाय की बघवत नाही. तिला क्षमा मिळाली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच जास्त भीती वाटते.

रुपा अजून रोज सकाळी पाणी तापवते. न्हाणीत पाय पसरून बसते. पाय कोरडेच राहतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिने मला हाक मारली.

"भाऊजी, तळ्यावर तेलुगू तुमीच बोलत होते ना?"

"हो."

"सासू सांगत होती, 'एवरी पापा' इचारलं त्यायनं. पापा कोणाची, असं... तवा 'रुपाची' काऊन नाही म्हटलं?"

मी तसाच उठून निघून आलो. तिच्या घरी परत गेलेलो नाही.