तिनं ठेवलेलं नाव

तुमच्या पुस्तकाची खळ वाळायला अजून तासभर लागेल. बसा ना. दिवा जरा इकडे ओढतो... बाळ झोपलंय, तेव्हा बोलू बेतानंच.

फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठा चढवायचा, दाबात ठेवायची, हेच माझं काम. बोलणं मुळातच कमी, म्हणून ताई मला 'घुम्या' म्हणते. बायको गेल्यापासून तर बोलायला उरलंय तरी कोण?

ती बाळंतपणातच गेली. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "याचं नाव बेनओनी ठेवा." पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ होतं तिला. शास्त्रातली राहेलही अशीच बाळंतपणात गेली आणि जाता जाता मुलाला हेच नाव देऊन गेली. माझ्या दुःखाचा पुत्र! बाप याकोबानं मात्र ते बदललं आणि पोराला बन्यामीन म्हटलं.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? ताई कडाडली, "अरे, पोराच्या गळ्यात जन्मभर आईचं मरण बांधणार आहेस का? डोकं ठिकाणावर आहे ना?" चर्चचे पाळकही म्हणाले, "याकोबानं केलं तेच कर." मला पटलं. खरं सांगू? तिचा रागच आला होता मला. एकट्याला टाकून गेली ती गेली, वर नाव काय, तर दुःखाचं!

बाप्तिस्मा झाला. बन्यामीन. ताई दुपारच्या गाडीनं तिच्या घरी गेली आणि त्या संध्याकाळपासून पोरानं बाटलीला तोंड लावलं नाही.

बाटलीचं निपल बदललं, दूध बदललं, चमच्यानं पाजून पाहिलं. ओठ गच्च मिटलेले. सकाळी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर सरळ दाखल करा. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

भर दुपारी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाबयंत्राचं लाकूड मधूनच करकरायचं, तेवढाच आवाज. आणि मला वास आला... कोमट दुधाचा, तिच्या केसांच्या तेलाचा. माझ्या हातातली बाटली तर केव्हाच गार झाली होती.

पोरानं हळूच मान वळवली. माझ्यापासून लांब. तिकडे तिची खुर्ची होती. रिकामी.

ती त्याला न्यायलाच आली होती, दुसरं काय! लाज कसली, ढसाढसा रडलो. "ऐक ना... नाव तुझंच राहू दे. बेनओनी तर बेनओनी. पण याला नेऊ नकोस गं. मला दुसरं कोण आहे?"

मग पोराचे ओठ हलायला लागले... घट्... घट्... गिळल्याचा आवाज. समोर कुणी नाही, काही नाही, आणि पोरगं पीत होतं. ओठांच्या कडेला दुधाचा फेस आला. मी बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली.

नेलं नाही तिनं त्याला. माझं ऐकलं. पण त्या दिवसापासून ते माझ्या हातचा एक थेंब घेत नाही. मी आपली रोज बाटली भरतो आणि रोज मोरीत ओततो. घरात माणसं तीन, आणि एकटा मीच.

काल त्याचं वजन करायला नेलं होतं. नर्स नवीन, तिला आमच्या घरचं काही ठाऊक नाही. काटा बघून खूश झाली. "बाळसं छान धरलंय हो! फक्त मान सारखी डावीकडेच वळतेय. याच्या आईला सांगा, एकाच बाजूला घेऊन पाजू नका म्हणावं. कूस बदलत जा."

मी "बरं" म्हणालो. तिला काय सांगणार, कपाळ?

घरी आलो. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि खुर्चीकडे न बघता निरोप तेवढा सांगून टाकला.

आज सकाळपासून पोराची मान उजवीकडे वळतेय.