एक टकटक म्हणजे बरोबर

माझा धंदा वाचायचा. पुस्तकं, जाहिराती, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, समोर ठेवाल ते मी माइकसमोर वाचते. कवितेशी माझं सोयरसुतक नाही. त्यामुळे कवयित्रीचा भाचा ‘आत्याच्या कविता तिच्याच खोलीत बसून वाचा’ म्हणाला तेव्हा मी मनात म्हटलं, हौसेला मोल नाही. पण खोली पाहिली आणि तक्रार गिळली. जाड भिंती, एकच खिडकी, तीही त्यानं गाद्या लावून बुजवलेली. स्टुडिओतसुद्धा इतकी शांतता मिळत नाही.

दुपारी मुलीला शाळेतून आणायचं होतं. मागच्या आठवड्यात मी कामाच्या नादात विसरले आणि पोर वॉचमनच्या खुर्चीवर दप्तर कवटाळून बसून राहिली. ते मनातून जात नव्हतं.

‘आज तू नक्की…’ सकाळी ती म्हणाली. वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची तिला खोडच आहे.

‘पूर्ण बोल. पुन्हा.’

‘आज तू नक्की येशील.’

‘येणार म्हणजे येणार,’ मी म्हटलं.

खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर एक म्हातारी बसली होती. ‘ही माझी आई,’ भाचा म्हणाला. ‘आत्याची वहिनी. झटका आल्यापासून वाचा गेलीय. बसू दे, तिची जागाच आहे ती.’

मग त्यानं सांगितलं. आत्या एकदा ‘एवढी कविता पुरी झाली की येते’ म्हणून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. जेवणखाण, आजारपण, म्हातारपण, सगळं आतच. ओळ सुचली की बंद दारामागून सांगायची आणि वहिनीनं बाहेरून तीच ओळ म्हणायची. आतून एक टकटक आली म्हणजे बरोबर, दोन आल्या की पुन्हा. सगळी पुस्तकं अशीच झाली. शेवटची कविता तेवढी अर्धी राहिली.

‘आणि कडी कुठल्या बाजूला होती?’ माझं तोंड जरा फटकळच आहे.

‘आतल्या,’ तो म्हणाला. ‘पण कधी लावलेली नसायची.’

मोबाइल मी त्याच्याकडे दिला, कारण माइकजवळ तो गुरगुरतो. ‘शाळेतून फोन आला तर सांगा,’ म्हटलं आणि दार ओढून घेतलं. टेबल दाराशेजारीच होतं. काम भराभर सरकलं. ओळ मनासारखी झाली की मी टेबलावर पेन्सिलीनं एकदा ठोकते. नंतर रेकॉर्डिंगचं जोडकाम करणाऱ्याला ती जागा चटकन सापडते. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप उठतो.

शेवटची कविता काढली. पहिली ओळ वाचली, पेन्सिल ठोकली. बाहेरून कुणीतरी तीच ओळ म्हटली.

म्हातारा, स्वच्छ आवाज. शब्द इकडचा तिकडे नाही.

भीती नाही, राग आला. भाच्यानं वाचेबद्दल थाप मारली आणि माझं रेकॉर्डिंग नासलं, असं वाटलं. मागे नेऊन ऐकलं. माझी ओळ होती, माझी टकटक होती, पुढे नुसती शांतता.

म्हटलं, उरकावं आणि निघावं. ओळ, टकटक, बाहेरून तीच ओळ. पानावरची शेवटची ओळ होती, ‘पायऱ्या उतरताना सावली आधी घरी पोचली.’ ती बाहेरून आली. मी पेन्सिल घट्ट धरून ठेवली होती, तरी ठोकली गेली.

‘पुढची सांगा, वन्सं.’

‘काकू, मी तुमची वन्सं नाही.’

‘काकू, मी तुमची वन्सं नाही,’ बाहेरून आलं. आणि आवाज टकटकीची वाट पाहत थांबला.

मी उठून दार ओढलं. कडी माझ्याच बाजूला, उघडी लोंबकळत होती. दार हललं नाही. मी भाच्याला हाका मारल्या. माझी प्रत्येक हाक, जशीच्या तशी, शांतपणे बाहेरून परत आली.

शाळा सुटायची वेळ होत आली होती. खुर्चीवर बसलेली पोर डोळ्यांपुढून हलेना. म्हटलं, हिला कविताच हवी ना? घे. मी तोंडाला येईल ती ओळ बोलले.

ती बाहेरून आली. बरोबर होती. मी ठोकली.

दुसरी सुचली. मग तिसरी. मला, जिला पत्रातले चार शब्द जुळवता येत नाहीत.

गाद्यांच्या फटीतला उजेड पिवळा पडला. जिन्यावर भाच्याचा आवाज आला. ‘शाळेतून फोन आला होता, मीच घेऊन आलो हिला. अजून किती वेळ?’

‘एवढी पुरी झाली की येते,’ मी म्हटलं.

म्हटलं आणि दार पुन्हा ओढलं. हललं नाही.

बाहेर स्टूल सरकलं. म्हातारी पावलं जिना उतरून गेली. मग दप्तर जमिनीवर टेकल्याचा आवाज.

मी तोंड दाबून धरलं. काही बोलायचं नाही. पोर कंटाळेल, जाईल. पण ओळ आली आणि बोटांमधून बाहेर पडली.

‘जिला आणायला निघाले, तीच दाराशी बसली.’

‘जिला आणायला निघाले,’ बारीक आवाज म्हणाला, ‘तीच दाराशी…’

पेन्सिल दोनदा वाजली.

‘जिला आणायला निघाले, तीच दाराशी बसली.’

या वेळी शेवटचा शब्द तिनं गिळला नाही. मी एकदा ठोकलं.